शकूताईंचं गच्चीएवढं कोडं

ऑक्टोबर आला की माझ्या दुकानातल्या घागरी आपोआप तापतात. कसब्यात माझं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, तेव्हा हे मी अधिकाराने सांगतो. सकाळी घागर भरून बाहेरच्या फळीवर ठेवावी आणि दुपारी तिच्यात नुसती साखर-पत्ती टाकावी, चहा तयार. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, ही विजेवर चालते का. मी म्हटलं, नाही, ऑक्टोबरवर.

गल्लीत सध्या सगळे खुशीत आहेत. पावसाने आंबलेल्या गाद्या उन्हात पडल्या आहेत आणि त्यांच्यावर मांजरं पडली आहेत. माळ्यावरचे डबे खाली आले आहेत. कुणाच्या तरी फोडणीत कढीपत्ता तडतडतो आणि अख्खी गल्ली शिंकते. पेपरवाल्याच्या टपरीवर नवे दिवाळी अंक दोरीला लटकू लागले आहेत. हे सगळं मला आवडायचं. आता या उन्हाचा पिवळा रंग भिंतीवर चढला की मी मान खाली घालून पितळ घासत बसतो. मान वर केली तर आमच्या इमारतीच्या गच्चीचा कठडा दिसतो.

त्या गच्चीवर एका ऑक्टोबरात आम्ही जे केलं, ते बरोबर होतं की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

आमचं एक मंडळ आहे. आडवे-उभे मंडळ. वर्गणी नाही, मांडव नाही. शब्दकोडी सोडवणाऱ्या माणसांचं मंडळ. सभासद किती, असं विचाराल तर रविवारी सकाळी माझ्या दुकानाच्या पायऱ्यांवर इतकी गर्दी व्हायची की पोलिसांना वाहतूक वळवावी लागायची. खरं तर पोलीस एकदाच आला होता, आणि तोही उभा सातवा शब्द सांगून गेला. सांगून गेला म्हणून तो आम्हाला आवडला नाही. आमच्यात उत्तर सांगायचं नसतं. प्रत्येकाच्या हातात तोच पेपर, तेच कोडं; ज्याला शब्द सुचला त्याने नुसतं ‘हं’ म्हणायचं आणि गप्प लिहायचं. दुसऱ्याच्या तोंडचा शब्द काढून घेणं हा आमच्या घटनेतला एकमेव गुन्हा.

या ‘हं’वरून माणूस ओळखू यायचा. वाघमारे साहेब सिटी सर्व्हेच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचं ‘हं’ फाइलवर सही केल्यासारखं कोरडं. माझं ‘हं’ निम्म्या वेळा खोटं असायचं, शेजारच्याला घाबरवण्यापुरतं. आणि शकूताईंचं ‘हं’ आम्ही ओळ वाचून संपवायच्या आत यायचं. चष्मा नाकावर, पेन हातात. पेन्सिल वापरणाऱ्याकडे त्या अशा बघायच्या की जणू त्याने मुलीच्या लग्नात उधार आहेर केलाय.

शकूताई आमच्याच इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा फळा, दोन्ही हातांत वायरी. कोण कुणाशी जोडलंय आणि कोण ताटकळलंय हे फळ्याकडे न बघता त्यांच्या डोक्यात असायचं. कोल्हापूरहून कुणी नुसता श्वास घेतला तरी त्या नावाने हाक मारायच्या. त्या काळात पुण्यात जमलेल्या लग्नांपैकी निम्मी तरी शकूताईंनी लाइन तुटू दिली नाही म्हणून जमली, असं मी सगळ्यांना सांगतो. ‘आणि उरलेली निम्मी मी वेळेवर तोडली म्हणून वाचली,’ असं त्या पुढे जोडायच्या.

त्यांचा मुलगा निखिल खराडीला. तिकडेच कंपनी, तिकडेच उंच इमारतीत घर. तो वाईट असता तर मला हे सगळं लिहिणं सोपं गेलं असतं. पण मुलगा सरळ. लहानपणी माझ्या दुकानात येऊन कळशीत तोंड घालून स्वतःचा आवाज ऐकत बसायचा. मी त्याला सांगितलं होतं की त्या कळशीच्या तळाला भोक आहे आणि ते थेट नदीत निघतं. दहावीपर्यंत त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर नाही.

पावसाळा संपता संपता शकूताईंच्या घरी दूध जळालं. पातेलं कोळशासारखं झालं, जिन्यात धूर आला आणि त्या आत कोडं सोडवत बसलेल्या. शेजारणीने फोन केला आणि संध्याकाळी निखिल हजर. मी पातेलं घासून देतो म्हणून वर गेलो होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

“आई, तिकडे चल. लिफ्ट आहे, खाली बाग आहे. तुझी खोली तयार आहे.”

“दूध तिकडेही उतू जातं.”

“तिकडे बघायला कुणीतरी असेल.”

“कुणाकडे? दुधाकडे की माझ्याकडे?”

“आई, मी रोज मीटिंगमध्ये बसून हाच विचार करतो, की तू ठीक आहेस का.”

यावर त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाल्या, “बरं. रोज सकाळी तू कामाला निघायच्या आत माझं कोडं तुझ्या फोनवर येईल. माझ्या अक्षरात, पूर्ण सोडवलेलं. ते बघायचं आणि निवांत मीटिंगला जायचं. ज्या दिवशी आलं नाही किंवा अर्धवट आलं, त्या दिवशी गाडी घेऊन ये. मी काही बोलणार नाही.”

“नक्की?”

“एक्स्चेंजमध्ये दिलेला शब्द आहे असं समज.”

त्याने मान्य केलं. मला वाटतं त्यालाही बरं वाटलं. डॉक्टरांच्या कागदावर विश्वास नसलेली माणसं असतात, पण आईच्या अक्षरावर विश्वास नसलेला मुलगा अजून व्हायचाय.

आणि मग ऑक्टोबर आला.

सकाळी शकूताई दुकानात आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या, मान एकदा डावीकडे केली, एकदा उजवीकडे.

“बापू, एक सांगू का? तुमच्याकडे बघितलं की तुमचं डोकं दिसत नाही.”

“म्हणजे?”

“खांदे दिसतात. मागच्या घागरी दिसतात. मधे नुसता धूर. तसं फार काही अडत नाही म्हणा.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत, तेव्हा थांबलो. वाघमारे साहेबांना बोलावलं आणि रिक्षाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि सांगितलं, मधली नजर गेलीय, ती परत येणार नाही, कडेची राहील. काळोख होणार नाही, पण वाचणं अवघड. अगदी मोठं अक्षर तिरक्या नजरेने जमलं तर जमेल.

परत येताना रिक्षा सिग्नलला थांबली होती. उन्हाने सीटचं रेक्झीन वितळून आमच्या पाठींना चिकटलं होतं; उतरताना आम्हाला उलथन्याने सोडवावं लागलं असतं. शकूताई मधे बसल्या होत्या. त्या समोर बघत म्हणाल्या, “निखिलला कळता कामा नये.”

वाघमारे साहेब म्हणाले, “आज ना उद्या कळेल, ताई.”

“उद्या कळू दे. साहेब, मला कोडं येतं. नुसतं दिसत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण तो त्या एकच धरेल. सगळेच धरतात.”

त्यांना भीती कशाची होती ते मला त्या रिक्षात कळलं. खराडीची नव्हती, लिफ्टचीही नव्हती. दिसत नाही म्हणजे समजत नाही, असं धरलं जाण्याची होती. एकदा तसं धरलं की माणसाशी बोलणं थांबतं आणि माणसाविषयी बोलणं सुरू होतं. हे वाक्य माझं नाही, त्यांचं आहे. मी असं सुबक बोलत नाही.

मग कोडं वाढू लागलं. पहिल्या दिवशी भिंग आणलं. भिंगात एकच चौकोन दिसे आणि शेजारचा हरवे. मग वाघमारे साहेबांनी ड्रॉइंगच्या कागदावर कोडं मोठं करून काढलं. दोन दिवस जमलं. मग कॅलेंडरांची पाठकोरी पानं चिकटवून भिंतभर केलं. शकूताई खुर्चीवर चढू लागल्या, तेव्हा आमचाच जीव जाऊ लागला. शेवटी वाघमारे साहेब खिडकीतून वर बघत म्हणाले, “गच्ची मोजावी लागेल.”

त्यांनी ती मोजली. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस; टेप, ओळंबा, दोरी, सगळं घेऊन आला. पावसाने शेवाळलेली गच्ची आम्ही आधी खरवडली, मग चुना मारला, मग काळ्या रंगाने चौकोन आखले. एकेक चौकोन असा की त्यात एक माणूस मांडी घालून जेवेल. काठावरून बघितलं तर डोळे दिपायचे. वरून जाणारी विमानं तिला धावपट्टी समजून खाली येतात की काय, अशी मला दोन-तीनदा काळजी वाटली.

रोजचे काळे चौकोन निराळे. ते रोज कोण रंगवणार? मी दुकानातल्या न घासलेल्या जुन्या पराती वर नेल्या. जिथे काळा चौकोन, तिथे परात पालथी. रोज सकाळी मी जिन्यावरून पराती नेताना इतका आवाज व्हायचा की खालच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा आयुष्यात पहिल्यांदा लेक्चरला वेळेवर पोचू लागला.

पाण्याच्या टाकीला लोखंडी शिडी होती. मी तिच्यावर बसून पेपरातल्या ओळी मोठ्याने वाचायचो. शकूताई मान तिरकी करून, पांढऱ्या चुन्यावर अनवाणी, चौकोन चौकोन चालायच्या. इस्त्रीवाल्याकडून आणलेला कोळशाचा तुकडा हातात.

“उभा चौथा. पाणी साठवण्याचं मातीचं मोठं भांडं. तीन अक्षरी.”

“हं.”

आणि मग त्या वाकायच्या आणि लिहायच्या. रां. पुढच्या चौकोनात जायच्या. ज. पुढे. ण. इतकं मोठं अक्षर की त्यांना कडेने दिसायचं. गुडघे कुरकुरायचे, पदर कोळशाने काळा व्हायचा, ऊन डोक्यावर चढत असायचं. समोरच्या इमारतीतल्या एक बाई पापड वाळत घालता घालता म्हणाल्या, “शकूताई, या वयात ठिकरी खेळताय?” शकूताई म्हणाल्या, “हो. मी बाद झाले की तुमचा नंबर.”

सगळं लिहून झालं की मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभा राहून फोटो काढायचो. कागद स्कॅन करायचं ॲप असतं, ते तिरकं सरळ करतं, मळकं पांढरं करतं. गच्चीचा फोटो त्यात घातला की अगदी पेपरातलं कात्रण. अक्षर शकूताईंचंच. निखिलचा अंगठा यायचा आणि आम्ही तिघं गच्चीवर चहा प्यायचो. एकदाच त्याने विचारलं, “आई, पेपरवाल्यांनी काळे चौकोन गोल का केलेत?” शकूताईंनी मला टाइप करायला सांगितलं, “नवीन डिझाइन. मलाही आवडलं नाही.”

दुपारी कधी परतीचा पाऊस यायचा. गडगडून, वळवासारखा, गरम गच्चीवर पडून वाफ उठवत. मग कोळशाची अक्षरं वाहायला लागायची. रांजणचा ण शेजारच्या शब्दात शिरायचा, सगळे शब्द करडे होऊन पन्हाळीतून खाली गल्लीत जायचे. शकूताई जिन्याच्या दारात उभ्या राहून त्या ओल्या चुन्याचा वास घ्यायच्या. “चला, पाटी कोरी झाली,” म्हणायच्या. वाघमारे साहेब छत्रीखाली उभे राहून कुठल्या रेघा उडाल्या ते बघत असायचे.

मी हे असं मजेत सांगतो, तसं ते होतंही. पण एक गोष्ट मी तेव्हाही बघत होतो. शकूताईंच्या बोटांवर कोळसा असायचा, त्यामुळे बोटं काळीच दिसायची. एकदा हात धुताना मी पाणी घालत होतो. कोळसा गेला आणि खाली भाजल्याचे डाग दिसले. जुने, नवे. गॅसची ज्योत मधोमध असते आणि मधलं त्यांना दिसत नव्हतं.

“हे काय, शकूताई?”

“फुलके.”

“निखिलला सांगू का?”

“तुम्ही सांगितलंत तर तो विश्वास ठेवणार नाही,” त्या म्हणाल्या. “तेवढ्यासाठीच तर तुम्हाला यात घेतलंय.”

निखिलला मी सांगितलं नाही. वाघमारे साहेबांना मात्र सांगितलं. ते बराच वेळ टेप गुंडाळत राहिले. “आपण त्यांना इथे ठेवतोय की त्या राहतायत?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यांची इच्छा आहे. ते म्हणाले, “इच्छा मोजायला माझ्याकडे साधन नाही.” त्या दिवसापासून शकूताईंचा डबा आमच्या घरून जाऊ लागला आणि गॅसचं बटण वाघमारे साहेबांनी ओट्याखाली सिलिंडरवरच बंद करून ठेवलं. शकूताईंना ते कळलं. त्या आमच्याशी दोन दिवस कोड्यापुरतंच बोलल्या.

हे किती दिवस चाललं असतं, माहीत नाही. मांजराने निकाल लावला.

चुना पांढरा असला तरी सकाळच्या उन्हात ऊबदार होतो, आणि मांजराला चौकोन दिसला की बसावंसं वाटतं. आडव्या अकराव्याच्या शेवटच्या चौकोनात, लिहून झालेल्या अक्षराच्या अगदी शेजारी, ते अंगाचं वेटोळं करून झोपलं होतं. मी घाईत फोटो काढला, ॲपने ते पांढरंकाळं केलं, मी पाठवला. अंगठा आला नाही. बऱ्याच वेळाने निखिलचा मेसेज आला. “आई, कोड्यात मांजर आहे.”

शकूताईंना वाचून दाखवलं. त्या हसायला लागल्या आणि हसता हसता कठड्याला टेकल्या. मग म्हणाल्या, “लिहा, कात्रणावर नातवंडांचं स्टिकर पडलं.” त्यांना नातवंडं नव्हती. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा मी ते पाठवून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोडं अर्ध्यावर आलं होतं. मी शिडीवर वाचत होतो. जिन्याच्या दारात निखिल उभा दिसला. ऑफिसचं कार्ड गळ्यात. मी वाचायचा थांबलो. त्याने मला हाताने खूण केली, वाचा.

मी वाचलं. शकूताई कोळसा घेऊन चालत निघाल्या. तो चुन्यावर दोन पावलं पुढे आला, आणि नेमका त्यांच्या शब्दाच्या वाटेत उभा राहिला. त्या त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबल्या. मान डावीकडे, उजवीकडे.

“साहेब, बाजूला व्हा. माझा उभा शब्द अडवलात.”

तो बाजूला झाला.

त्या वाकल्या, लिहिलं, पुढच्या चौकोनात गेल्या. तो तसाच उभा. मी ओळी वाचत राहिलो. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. सगळं कोडं संपलं. शेवटचं अक्षर लिहून त्या कंबर सरळ करत माझ्याकडे वळल्या. “काढा फोटो. आज मांजर नाही ना?”

“आई,” निखिल म्हणाला.

शकूताईंनी कोळसा दुसऱ्या हातात घेतला. पदराने बोटं पुसली. “कधी आलास?”

“मगाशीच. मी समोर उभा होतो.”

“कोडं पूर्ण आहे, बघ.”

“हो. पूर्ण आहे.”

त्या भांडतील असं मला वाटलं होतं. अट पाळली होती, कोडं पूर्ण होतं, अक्षर त्यांचं होतं. पण स्वतःचा मुलगा समोर उभा असताना त्यांनी त्याला साहेब म्हटलं होतं, आणि ते त्यालाही कळलं होतं आणि त्यांनाही. त्या खाली गेल्या आणि बॅग भरली. मी पराती गोळा केल्या. त्या दिवशी जिन्यात आवाज होऊ दिला नाही.

खराडीला मी दोनदा गेलो. कसब्यातून निघून स्वारगेटला बस बदलून तिकडे पोचेपर्यंत माणसाचं वय वाढतं. परत येताना मला कुणीतरी उठून जागा दिली. शकूताईंची खोली छान होती. इतक्या उंचावर की खालचा रस्ता म्हणजे कुणीतरी पाडलेली पिन. खोलीत सगळं मऊ. टेबलाच्या कडांनाही रबर लावलेलं. देखभालीला एक मुलगी दिवसभर असायची, ती शकूताईंना विचारायची, “आजी, आपण आता जेवायचं का?” शकूताई म्हणायच्या, “तू जेव. मी तुला बघते.” मुलगी हसायची आणि निखिलला सांगायची, आज आजी काहीतरीच बोलत होत्या.

दुसऱ्या खेपेला थंडी होती. मी पेपर नेला होता. निखिल घरून काम करत होता, बाहेरच्या खोलीत. शकूताई खिडकीशी बसल्या. मी ओळी वाचल्या. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. “हं.” पुढची. “हं.” आणि या वेळी त्या उत्तर सांगतही होत्या, मंडळाचा नियम मोडून, कुठलं अक्षर कुठल्या शब्दाला जाऊन मिळतं तेही. सगळं कोडं त्यांच्या डोक्यात आखलेलं होतं, वाघमारे साहेबांच्या दोरीशिवाय. मी पेनाचं टोपण काढलं.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “लिहू नका.”

“का हो?”

“आता कुणाला दाखवायचंय?”

हे त्या आनंदाने म्हणाल्या की हरून, ते माझ्या अजून लक्षात येत नाही. मी कधी एक समजतो, कधी दुसरं. मी टोपण लावलं. पेपर कोराच घडी करून पिशवीत टाकला.

निघताना निखिल लिफ्टपर्यंत आला. “जमलं का काही तिला?”

“सगळं,” मी म्हटलं. “पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकही चूक नाही.”

त्याने माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. कोरा कागद वर डोकावत होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. किती प्रेमाने ठेवला, म्हणून सांगू. “बापूकाका, तुम्ही आईसाठी खूप केलंत. आता नका करू. आता मला माहीत आहे.”

“अरे, मी खरं सांगतोय.”

“हो काका. लिफ्ट आली.”

बसमध्ये मी तो कागद मांडीवर घेतला आणि आठवतील ती उत्तरं लिहायला लागलो. बस हलत होती. अक्षर माझं होतं, आणि वाईट होतं. पुरावा म्हणून कुणाला दाखवलं असतं तर माझंही काही खरं नाही असंच ठरलं असतं.

शकूताई त्या थंडीत गेल्या. झोपेत. खराडीच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. आमच्या मंडळातले पायऱ्यांवरचे सगळे, आणि एकदा आलेला तो पोलीसही. निखिल म्हणाला, “शेवटी शेवटी तिला फारसं काही कळत नव्हतं. पण त्यामुळे त्रासही झाला नाही.” सगळ्यांनी मान हलवली. सांत्वनाचं वाक्य असतं, ते तपासून घ्यायचं नसतं. मी उठून म्हटलं, त्यांनी महिन्यापूर्वी अख्खं कोडं तोंडी सोडवलं, एकही चूक नाही. लोक माझ्याकडे बघून हसले. मायेने हसले. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, “बापू म्हणजे बापूच.” वाघमारे साहेबांनी तेवढा माझा हात दाबला. पण तेही तिथे नव्हते ना. त्यांनी मोजलेलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात निखिल दुकानात आला. वरची जागा भाड्याने द्यायची आहे, त्यासाठी. घामाघूम झालेला. मी त्याला पाणी दिलं. तो दुकानाच्या पायरीवर बसला आणि हेल्मेट मांडीवर घेतलं. इकडचं तिकडचं झालं. मग रस्त्याकडे बघत म्हणाला, “काका, त्या दिवशी खरंच सगळं सोडवलं होतं का तिने?”

मी उत्तर तयारच ठेवलं होतं. सगळं, एकही चूक नाही. तोंडात आलं होतं. काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, “सगळं नाही रे. एक चुकलं.”

“कुठलं?”

“दक्षिण भारतातली नदी, चार अक्षरी. तिसरं अक्षर व. त्या गोदावरी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात उत्तर आलं, शरावती. मी फोन करून सांगितलं तर माझ्यावरच डाफरल्या. म्हणाल्या, गोदावरी काय काश्मीरात वाहते का? त्यांना विचारायची अक्कल नाही म्हणावं.”

निखिल माझ्याकडे वळला. “तुम्ही फोन कधी केला होता?”

“दुसऱ्या दिवशी. तुमच्या जेवणाच्या आधी.”

“शरावती,” तो म्हणाला.

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

“ती जेवताना म्हणत होती, काका. भात कालवत होती आणि तेच. शरावती म्हणे. गोदावरीने काय घोडं मारलंय. मी म्हटलं, हो आई, तू जेव.” त्याने हेल्मेट पायरीवर ठेवलं, परत उचललं. “संध्याकाळी डॉक्टर घरी आले होते. मी त्यांना सांगितलं, मधेच नद्यांची नावं घेते. त्यांनी शांत राहायची गोळी लिहून दिली. ती समोरच बसली होती. आम्ही तिच्यासमोरच बोलत होतो सगळं.”

“त्या काही म्हणाल्या नाहीत?”

गिऱ्हाईक आलं होतं, घागरीचा भाव विचारत होतं. मी त्याला हाताने थांब म्हटलं.

“म्हणाली ना,” निखिल म्हणाला. “म्हणाली, निखिल, डॉक्टरांना चहा विचार.”

“मग?”

“मी विचारला, काका. आत जाऊन केलाही.”